लिलावाच्या गळ्यातला पाळणा

योगिनीताईंच्या क्लासला पाटी नव्हती. पंचवटीत हिरावाडीच्या वळणावर पिठाची गिरणी होती, तिला लागून त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्या गाणं शिकवायच्या. गिरणी सुरू झाली की तिची घरघर भिंतीतून आत यायची आणि शिकायला बसलेला माणूस नकळत तिच्याच सुरात गायला लागायचा. "ती आपली श्रुतीपेटी," ताई म्हणायच्या, "विजेचं बिल गिरणीवाला भरतो, सूर आपण वापरायचा."

एका वेळी एकालाच शिकवायचं, हा त्यांचा नेम. घोळक्यानं शिकवलं तर पैसे बरे सुटतील असं शेजारणी सांगायच्या. ताई हसून सोडून द्यायच्या. पहिल्या दिवशी तर त्या पेटीला हातच लावत नसत. आलेल्याला सतरंजीवर बसवायच्या, चहा द्यायच्या आणि बोलतं करायच्या. गाव कुठलं, घरी कोण कोण, काल जेवायला काय होतं. बोलता बोलता माणूस सैल झाला की त्याचा आवाज कुठंतरी येऊन टेकतो, दमलेलं पाखरू फांदीवर टेकतं तसा. ती फांदी ताई मनात धरून ठेवायच्या. तो त्या माणसाचा सा. पुढचं सगळं शिकवणं त्या फांदीवरून.

साधना नावाची कॉलेजातली मुलगी स्वतःच्याच आवाजाला घाबरायची. तिला त्यांनी रिकाम्या माठात तोंड घालून गायला लावलं. माठातून आवाज असा गोल, भरलेला परत आला की पोरगी आधी दचकली, मग हसली, आणि पंधरवड्यात माठ सोडून गायला लागली. औषधकंपनीतला शेखर स्कूटर चालवताना झकास गायचा, सतरंजीवर बसला की त्याची बोबडी वळायची. त्याचा क्लास ताईंनी अंगणात घेतला. स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर शेखर पुढं, ताई मागच्या सीटवर ताल धरून. दळण घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "कुठं निघालात हो दोघं?" ताई म्हणायच्या, "यमनपर्यंत जाऊन येतो."

सत्त्याण्णव साल उजाडलं होतं. थंडीतल्या एका दुपारी दारात खंडेराव येऊन उभे राहिले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं, वय साठीच्या आगेमागे, आणि हातात कोथिंबिरीची भलीमोठी जुडी.

"बाई, गाणं शिकिवता त्या तुमीच का?"

त्यांनी एवढंच विचारलं, तर गिरणीतलं माणूस काय झालं म्हणून बाहेर डोकावलं. ताईंनी तोंडाआधी आवाजच ओळखला. मार्केट यार्डात संध्याकाळी भाजीपाल्याचे लिलाव पुकारतो तो आवाज. वारा इकडचा असला की तो त्यांच्या गच्चीवरसुद्धा ऐकू यायचा.

"मीच. नातवाला शिकवायचंय का, काका?"

"नातवंड आजून यायचंय. मलाच शिकायचंय. पाळणा."

"कसला पाळणा?"

"बारशाचा. बायका म्हणत्यात ना, त्यो."

ताईंनी चहा टाकला.

मखमलाबादच्या रस्त्याला खंडेरावांची मळ्यातली वस्ती. घरात बायको नवसाबाई. आता ह्या नवसाबाईंची गोष्ट अशी, की आजूबाजूच्या वस्त्यांवर जेवढी पोरं जन्मली, तेवढ्यांचे पाळणे तिनं गायले. आणि एकाचा पाळणा दुसऱ्याला नाही. ज्याचा बाप शिंपी त्याच्या पाळण्यात सुई-दोरा यायचा, ज्याची आई शाळेत शिकवायची त्याच्या पाळण्यात खडू आणि फळा. बारशाला निघताना वाटेनं चालता चालता ती पाळणा जुळवायची. घर येईस्तोवर बारा दिवसांची बारा कडवी तयार.

'ही बाई तर माझ्याच धंद्यातली,' ताईंच्या मनात आलं.

"मंग गेल्या साली तिच्या गळ्यात गाठ झाली," खंडेराव बशी खाली ठेवत म्हणाले. "आपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवानं राखलं. पण जाता जाता आवाज घेऊन गेली. आता बोलती तवा नुसता वारा निघतो, वाळल्या पानावरून जातो तसा. आन् आमची शुभांगी, इगतपुरीला दिलेली, ती आलीया आता बाळंतपणाला. पहिलंच. आख्ख्या वस्तीची पोरं हिच्या पाळण्यावर निजली, बाई. आन् आता घरचं बाळ येणार तर ही काय म्हणली? म्हणली, कॅसेट आणा बाजारातून." ते थोडं थांबले. "असं म्हणली आन् भाकरी थापाया बसली. तिच्या भाकरीचा आवाज पार बांधापर्यंत येतो. त्या दिशी आवाजच नाय आला."

गिरणी बंद झाली होती.

"पण काका, शेजारपाजारची दुसरी एखादी म्हणेल की पाळणा."

"म्हणतील ना. ठरलेला पाळणा म्हणतील. ह्या बाळाचा कोण म्हणणार? तिला आता हुरूप नाय. मंग राहिलो मीच."

"आणि शब्द?"

"जुळवीन. जन्म गेला तिच्या पाळण्यात, काय तरी लागलंच आसंल अंगाला. फक्त तिला कळू द्यायचं नाय. कळलं तर म्हणंल, गप बसा, हसं करून घेऊ नका."

असा तो विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी ताईंनी पेटी उघडली, सा धरला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात आवाज मिसळा." खंडेरावांनी छाती भरून घेतली आणि असा सा लावला की खिडकीतली कबुतरं उडाली आणि ओट्यावर पाळीची वाट बघत बसलेल्या साधनानं कानांत बोटं घातली.

"जरा हळू, काका."

"हळूच हाय, बाई."

ताईंनी त्यांना उशीवर आडवं करून गायला लावून पाहिलं, तोंडापुढं उपरणं धरून पाहिलं. आवाज जाड्याभरड्या कापडासारखा ताठच. तीस-पस्तीस वर्षं तो एकाच कामाला जुंपलेला होता: शेवटच्या रांगेतल्या व्यापाऱ्यापर्यंत पोचायचं. जवळच्याला ऐकवायचं काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आठवडा असा गेला. मग एका दुपारी ताईंनी पेटी मिटली, स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची जुडी आणली आणि सतरंजीवर मधोमध ठेवली.

"ह्याचा लिलाव करा."

"इथं?"

"इथंच. मी शेतकरी, साधना व्यापारी. चला."

खंडेराव उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. आणि एकदम त्यांच्या अंगात जीव आला. "ए घ्या घ्या घ्या, कोथमीर बघा कोथमीर, हिरवीगार, पाण्यावरची! शंभर! एकशेपाच! एकशेदहा!" साधना हसत हसत बोट वर करत होती आणि प्रत्येक बोलीला त्यांचा आवाज एक पायरी चढत होता. ताईंनी पेटी हळूच उघडली आणि खाली बोटं फिरवली. शंभरला सा. एकशेपाचला रे. एकशेदहाला ग. कुठंही घसरणं नाही, चुकणं नाही. माणूस आयुष्यभर आरोह गात आला होता.

"वा, काका! आता उतरा."

"म्हंजे?"

"भाव उतरवत खाली या."

खंडेरावांचा चेहरा पडला. "भाव उतरवू? बाई, तसं नसतं. लिलाव चढतो, उतरत नसतो. शेतकरी हाणील मला."

"शेतकरी मी आहे. मला चालतंय."

"तुमाला चालतंय, पण जिभंला नाय चालत."

बऱ्याच मनधरणीनंतर ते तयार झाले. एकशेतीसवरून पंचवीस, वीस, पंधरा. प्रत्येक पायरीला असे चाचपडत होते की जणू अंधाऱ्या विहिरीत उतरताहेत. शंभरवर आले तेव्हा कपाळावर घाम होता. "आणखी खाली," ताई म्हणाल्या. नव्वद. ऐंशी. आवाज बारीक होत चालला, मऊ होत चालला. "आता शेवटी म्हणा, फुकट."

"फुकट," खंडेराव म्हणाले. तो शब्द एवढा हळुवार उतरला, जशी कुणी झोपलेल्या लेकराच्या अंगावर गोधडी टाकावी. ते स्वतःच दचकले. इकडं तिकडं बघितलं.

"आता हा कोण बोलला?"

"तुम्हीच," साधना म्हणाली.

त्या दिवसापासून खंडेराव रोज भाव पाडायला येऊ लागले. आधी कोथिंबीर, मग मेथी, मग शब्द सोडून नुसते सूर. हळूहळू त्यांच्या तोंडून कडवीही निघू लागली. पाठच असायची, कागद नसायचा. सगळी भाजीबाजारातली. दुसरं येणार कुठून?

पहिल्या दिवशी आली मेथीची जुडी
दव पुसुनी तिची घातली घडी
आईच्या कुशीत बाळानं मारली दडी
निजू दे वारा, बाळा नीज

तिसऱ्या दिवशी आला दुधी गोरा गोरा
देठाला त्याच्या बांधला काळा दोरा
नजर लागंल बाई, थोडं दूर सरा
निजू दे वारा, बाळा नीज

चाल साधी होती, नवसाबाईंचीच. ताईंनी तीत काहीच बदललं नाही. फक्त खंडेरावांच्या फांदीवर आणून ठेवली.

मग एक दिवस खंडेराव मान खाली घालून आले.

"काय झालं, काका?"

"काय सांगू, बाई. काल मेथीचा लिलाव पुकाराया गेलो आन् आवाज आसा मऊ निघाला, जसं काय पाळणाच म्हणतोय. निवृत्तीशेठ म्हणला, तात्या, मेथी इकताय का तिला निजिवताय? सगळं यार्ड हासलं."

"अरेरे."

"पण गंमत आयका. ऐकू येईना म्हणून समदे व्यापारी जवळ सरकले. गपगार उभे. पहिल्यांदाच कुणी कुणाच्या पायावर पाय दिला नाय." मग गालात हसत म्हणाले, "भाव पण बरा निघाला."

अशी गाडी रुळावर आली असं वाटत होतं, आणि नेमका तिथंच घोटाळा उभा राहिला. एकेक कडवं सुटं म्हटलं तर खंडेराव गोड म्हणायचे. सलग म्हणायला लागले की पंचाईत. पाळण्यात दिवस मोजायचे असतात. पहिला, दुसरा, तिसरा. आणि आकडा चढला की खंडेरावांचा सूर चढायचा. जन्माची सवय. पहिला दिवस सा वर, दुसरा रे वर, तिसरा ग वर. पाचव्या दिवसाला कपाळावरच्या शिरा फुगायच्या, आणि सातव्या दिवसापर्यंत मार्केट यार्ड खोलीत उतरायचं. बाळ निजणं दूरच, गिरणीतले उंदीरसुद्धा जागे व्हायचे.

"काका, आकडा चढला तरी सूर तिथंच ठेवायचा."

"कळतंय, बाई. पण सातवा म्हणलं की वाटतं, कुणीतरी बोली वाढिवली."

ताईंनी किती युक्त्या केल्या. डोळे मिटून म्हणायला लावलं. मांडीवर उशी घेऊन थोपटत म्हणायला लावलं. शेवटी एक नामी उपाय सुचला असं वाटून त्या म्हणाल्या, "काका, आपण उलटं म्हणू. बाराव्या दिवसापासून सुरू करून पहिल्यावर संपवू. आवाज आपोआप उतरत जाईल."

खंडेरावांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की ताईंना वाटलं आपण काहीतरी अभद्र बोललो.

"बाळ उलटं वाढतं व्हय, बाई? बाराव्यावरून पहिल्यावर नेऊन पुन्यांदा पोटात घालायचं का त्याला?"

साधना ओट्यावरून हसून हसून पडायची राहिली. तो विषय तिथंच संपला.

फाल्गुनात द्राक्षांच्या गाड्या रस्त्यानं वाहत होत्या, तेव्हा एका सकाळी खंडेराव वेळ नसताना धावत आले. हातात बर्फीचा पुडा.

"पोरगी झाली! शुभांगीला पोरगी झाली! बाई, दुसऱ्या दिवसाचं कडवं बदलायचंय!"

"आधी बसा. दम घ्या."

"बसत नाय. आयका. तिची करंगळी हाय ना, उजव्या हाताची, ती वाकडी हाय. डिट्टो नवसाबाईवाणी! मी रातभर जुळीवलंय." आणि दारातच उभं राहून, पुडा छातीशी धरून, त्यांनी म्हटलं:

दुसऱ्या दिवशी आली कोवळी काकडी
उन्हाला म्हणून वर धरली घोंगडी
बाळाची करंगळी आजीवाणी वाकडी
निजू दे वारा, बाळा नीज

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या गाण्याच्या मास्तरीण. पाणी पुसता पुसता त्यांच्या ध्यानात आलंच, की 'दुसऱ्या' म्हणताना काकांचा सूर एक पायरी वर सरकला होता.

बारशाच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, माझं ऐका. पाचव्या दिवशी थांबा. पाच कडवी तुमची सुरेख होतात. पुढं बायकांना त्यांचं म्हणू द्या."

"आन् मंग पुढचे दिवस?"

"कुणी मोजायला बसलंय का?"

"ती बसलीया ना. नवसा." ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं. "आर्धा पाळणा तिनं कधी कुणाला दिला नाय, बाई."

बारशाला ताई साधनाला घेऊन गेल्या. मळ्यात दारापुढं मांडव, मांडवाच्या आढ्याला पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळा, आणि चुलीवर मोठ्या पातेल्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या रटरटत होत्या. इगतपुरीची मंडळी आली होती. पुरुष बाहेर बाजेवर, बायका आत मांडवात, अशी रीतीप्रमाणं विभागणी. पाळण्याशेजारी स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि त्याच्यावर हात ठेवून शेजारची रंगूबाई अशी बसली होती, जसं काय ते यंत्र उठून पळणार आहे.

नवसाबाई ताईंनी पहिल्यांदाच पाहिली. लहानखुरी, काटक, कपाळावर मोठं कुंकू. सगळ्यांची ऊठबस हातांनीच करत होती: तिकडं बसा, हे घ्या, ते पोरगं आवरा. ओठ क्वचित हलायचे. ताईंना तिनं हात धरून पुढच्या सतरंजीवर बसवलं आणि एक क्षण त्यांच्याकडं निरखून बघितलं.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. पाळण्याखालून आणि वरून बाळ इकडून तिकडं गेलं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, पाठीवर बुक्क्यांचा पाऊस घेतला आणि नाव जाहीर झालं. मग रंगूबाईनं ऐटीत विचारलं, "लावू का?"

"थांब," बाहेरून आवाज आला. खंडेराव मांडवात शिरले. बायकांत एकच खसखस.

"अगं बाई, तात्या! वाट चुकलात का?"

"पुरुषांची घुगरी बाहेर मिळंल हो!"

इगतपुरीच्या विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "आमच्याकडं असं नसतं बाई," त्या शेजारणीला म्हणाल्या. शुभांगी बाळंतिणीच्या खाटेवरून कावरीबावरी होऊन बघत होती. "तात्या, काय करताय?"

"तुझ्या पोरीचा पाळणा म्हणतोय," खंडेराव म्हणाले. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, पाळण्याची दोरी हातात घेतली. नवसाबाई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

आणि त्यांनी सुरू केलं. मेथीची जुडी, दव, कुशीतली दडी. ताई श्वास रोखून ऐकत होत्या. सा, अगदी जागेवर. मांडवातली हसाहशी ओसरली. दुसऱ्या कडव्याला वाकड्या करंगळीवर बायका "अगं बाई!" करून पाळण्यात वाकल्या. बाळाची मूठ उघडून बघितली. खरंच की! नवसाबाईनं पातेलं खाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी बायका सूर धरून 'निजू दे वारा' म्हणायला लागल्या. चौथा दिवस. ताईंनी मांडीवर हात दाबून धरला. सूर अर्धी पायरी वर गेला होता. पाचवा दिवस. आणखी एक पायरी. बायकांचे गळे ताणले, एक दोघी गप्प झाल्या. 'थांबा काका, आता थांबा,' ताई मनात म्हणत होत्या. पण खंडेराव थांबणाऱ्यातले नव्हते.

सहावा दिवस कसाबसा पार पडला. "सातव्या दिवशी!" मान उंचावली, शिरा फुगल्या. बाहेर बाजेवरून कुणीतरी ओरडलं, "एकशेतीस! तात्या, आमची बोली!" पुरुषांत हास्याचा फवारा उडाला. बाळाचा चेहरा लाल झाला, ओठ मुडपले, आणि तिनं असा टाहो फोडला की खंडेरावांचा आवाज मध्येच तुटला.

ते उभे राहिले. दोरी हातात, तोंड अर्धवट उघडं. ओळ आठवत होती, सूर हरवला होता. रंगूबाईचा हात टेपरेकॉर्डरच्या बटणाकडं गेला.

नवसाबाईनं तो हात धरला. बाजूला केला. पाळण्याची दोरी खंडेरावांच्या हातातून तिनं काढून घेतली नाही. त्यांच्या हातावरच आपला हात ठेवला. आणि तिचे ओठ हलले.

आधी कुणाला काही ऐकूच आलं नाही. "गप गं, गप," कुणीतरी म्हणालं. बांगड्या थांबल्या. बाहेरचे पुरुष गप्प झाले. ज्याला ऐकायचं तो पुढं सरकला. आवाज म्हणावा असं त्यात काही नव्हतं, नुसता श्वास. पण तो श्वास चालीवर चालत होता, पायवाट पाठ असलेल्या माणसासारखा.

सातव्या दिवशी आवाज हरवला
वाऱ्यानं नेऊन वाफ्यात पेरला
बाळाच्या टाहोत पुन्हा तो उगवला
निजू दे वारा, बाळा नीज

शुभांगीनं तोंडावर पदर घेतला. आणि मग खंडेराव तिच्या मागोमाग 'निजू दे वारा' म्हणाले. कसे म्हणाले, ते योगिनीताईंना आयुष्यभर आठवत राहिलं. आवाज इतका खाली, इतका हलका, की नवसाबाईंचा श्वास त्याच्यावरून ऐकू यावा. त्यांना ती ऐकायची होती. ऐकायचं तर तिचा श्वास आपल्या आवाजानं झाकून कसं चालेल? ताईंनी त्यांना सगळे भाव उतरवायला शिकवले होते, पण कुणासाठी उतरवायचे ते सांगायचं राहून गेलं होतं.

नवसाबाईनं त्यांच्याकडं तिरपं बघितलं. डोळ्यांत खोडी आली.

आठव्या दिवशी आजोबा गाती
गोठ्यातल्या गाई दावं तोडती
बाळ म्हणे, तात्या, घ्या की विश्रांती

मांडव हसून कोसळला. विहीणबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. खंडेरावही हसले, पण हसता हसता 'बाळा नीज' मात्र जागेवरच म्हणाले, सा वर, एक धागाही इकडं तिकडं नाही. मग नववा दिवस त्यांचा, दहावा तिचा. अकरावा दोघांचा एकत्र. ती शब्द पुढं टाकायची, ते खाली सूर अंथरायचे. बारावा दिवस संपला तेव्हा पाळण्यातून काहीच आवाज येत नव्हता. मूठ गालाशी घेऊन बाळ निजलं होतं.

घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. नवसाबाई ताईंच्या शेजारी येऊन टेकली. "चौथ्या दिसालाच चढले," ती कुजबुजली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"यार्डात मेथी निजिवली त्याच दिशी." तिनं ताईंच्या हातात घुगऱ्यांची वाटी ठेवली. "म्हणलं, शिकू द्या. घरी तरी बोलण्यात उतार पडंल." आणि थोडं थांबून, पदराशी चाळा करत, "मला वाटलं व्हतं, मी आता नाय म्हणायची. ते आडले तवा राहवलं नाय."

तेवढ्यात रंगूबाई घाईघाईनं आली. टेपरेकॉर्डर तिनं काखेत मारला होता. "नवसाबाई, आमच्या सुनेच्या बाळाचं बारसं पुढच्या महिन्यात हाय. माझा पोरगा गाडीवरचा डायवर हाय, त्या पाळण्यात गाडी पायजे. तुमी दोघांनी यायचं. तात्या, येताल ना?"

खंडेराव पलीकडं पाहुण्यांना पान देत होते. इतक्या बायकांसमोर मानानं बोलावणं आलेलं बघून त्यांची छाती भरून आली, आणि तीस-पस्तीस वर्षांची सगळी ताकद एकवटून ते म्हणाले, "येऊ की! न यायला काय झालं!"

पाळणा हादरला. आतून एक बारीक कुरकुर, मग एक हुंदका, मग सणसणीत टाहो. "उठिवलं की पोरीला!" बायकांनी कपाळं बडवली. शुभांगी म्हणाली, "तात्या, आता तुमीच निजवा!"

खंडेराव पानाचं तबक तिथंच सोडून पाळण्याकडं धावले. नवसाबाई उठून त्यांच्या आधी पोचली होती. तिनं दोरीला हात घातला, आणि मेथीच्या जुडीपासून पुन्हा सुरू केलं, तसंच, नुसत्या श्वासात. तिच्या श्वासाच्या खाली हळूच खंडेरावांनी आपला सूर सरकवला. योगिनीताईंनी घुगऱ्यांची वाटी सतरंजीवर ठेवली, साधनाला कोपरानं ढोसलं, आणि दोघीही सगळ्या मांडवाबरोबर अगदी हळू आवाजात 'निजू दे वारा' म्हणायला लागल्या.